हा लंडन ब्रिज नव्हे

बर्मंडसी, लंडन
२ मे १९७७

प्रिय हेटी,

मी, क्लेमेंट हेन्री ऑस्लर, वय वर्षे शहात्तर, शिक्षण इयत्ता चौथी, टॉवर हिल येथे स्मरणवस्तूंचा परवानाधारक विक्रेता, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना, शनिवारी जे घडले ते तुला कळवीत आहे. तुझ्या मुलासंबंधी तू बाजारात काही ऐकले असशील, तर ते बाजूस ठेवावे. मी तेथे हजर होतो.

माझ्या टपरीवरच्या गमतीच्या नोटा तू पाहिल्या आहेस. राणीच्या जागी डुलकी घेणारा पहारेकरी, वर ‘हास्य बँक’, दहा लाख पौंड, आणि पाठीमागे लंडनमधील एखादे स्थळ. नोट खोटी आहे हे ती स्वतःच सांगते, म्हणून तिच्यात लबाडी नाही. परंतु स्थळाचे नाव खरे असले पाहिजे, असा माझा नियम आहे. घड्याळाच्या मनोऱ्याखाली ‘बिग बेन’ छापण्यास मी छापखान्याला मनाई केली, कारण ते आतील घंटेचे नाव आहे.

राणीच्या रौप्यमहोत्सवाची गर्दी सुरू झाल्यापासून व्हिक टरेल नावाचा इसम माझ्या शेजारी तशाच नोटा विकू लागला. त्याच्या नोटेवर चित्र टॉवर ब्रिजचे आणि खाली नाव ‘लंडन ब्रिज’. मी त्याला सभ्यपणे चूक दाखविली. तो म्हणाला, “आजोबा, लोक हजारो मैल उडत येतात ते लंडन ब्रिज बघायला. खरा लंडन ब्रिज बघितलाय का? करडा, सपाट, इस्त्रीच्या टेबलासारखा. तो छापला तर माझी आईसुद्धा घेणार नाही.”

मी म्हणालो, “तुमच्या आईने काय घ्यावे हा माझा विषय नाही.”

त्यानंतर मी लाकडी पाटी रंगवून टपरीपुढे रोवली: ‘समोर दिसणारा पूल टॉवर ब्रिज आहे. हा लंडन ब्रिज नव्हे. ज्यांना तसे सांगून विकले गेले, ते फसले.’ एका जर्मन शिक्षिकेने ती आपल्या विद्यार्थ्यांना मोठ्याने वाचून दाखविली. ती मुले रांगेने जाऊन टरेलच्या हातात नोटा परत ठेवू लागली आणि हसू लागली. त्याने त्या गोळा करून पेटीत ठेवल्या. मला वाटले, त्याला पटले.

शनिवारी दुपारी तो आपला भाऊ रॉय याला घेऊन आला. तुझा लायनेल माझ्या टपरीची फळी पुसत होता. रॉयने त्याचे मनगट धरून पंजा फळीवर दाबला आणि लोखंडी झडप वरून सोडली. दोन बोटे मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली काटकी मोडावी तसा तो होता. व्हिकने माझी मान पकडून माझ्याच नोटा माझ्या तोंडात कोंबल्या. “खा, आजोबा. नाव बरोबर आहे ना? मग चव पण बरोबर असणार. चाव!” माझी वरची कवळी तुटली. श्वास बंद होत आला, तेव्हा लायनेलने चांगल्या हाताने ती पाटी खुंटीसकट उपटली आणि रॉयच्या तोंडावर हाणली. पाटीच्या कोपऱ्याला खिळा होता. तो रॉयच्या डाव्या डोळ्यात गेला. पाटी ओढून काढताना डोळाही राहिला नाही. व्हिक मला सोडून भावाकडे धावला, तेव्हा लायनेलने माझ्या तोंडातील नोटा बाहेर काढल्या.

लायनेलच्या नावाने वॉरंट निघाले आहे. तो उत्तरेकडील हल बंदराला जाऊन मासेमारीच्या बोटीवर चढणार आहे, असे मला सांगून गेला. तू काळजी करू नये.

पाटी धुऊन मी पुन्हा लावली आहे.

तुझा भाऊ,
क्लेमेंट

---

व्हिट्स्टेबल
४ मे

क्लेमेंट,

सख्ख्या बहिणीला पत्र लिहिताना वय आणि इयत्ता सांगणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात तू एकटाच. मला ठाऊक आहे तुझं वय. तुझ्या मागोमाग मीच जन्मले.

पत्र वाचलं आणि हातातला कालवं उघडायचा सुरा तळव्यात घुसला. पट्टी बांधून लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर दुरुस्त करून परत पाठवू नकोस, मागच्या नाताळात केलंस तसं.

मला एक सांग. नोट खोटी, बँक खोटी, दहा लाख पौंड खोटे, राणीच्या जागी झोपलेला शिपाई, आणि त्या सगळ्या थापेच्या खाली एक नाव खरं हवं म्हणून माझ्या पोराची बोटं मोडली? कोणी मागितलं होतं तुझ्याकडे खरं नाव? ती अमेरिकन माणसं घरी जाऊन ती नोट फ्रीजवर चिकटवतात. त्यांच्या फ्रीजला काय फरक पडतो?

आणि पाटी पुन्हा लावलीस! रक्त पुसून! अरे, तू माणूस आहेस की दगडी खांब?

काढ ती. आजच काढ. टरेल म्हणजे काय चीज आहे ते इथल्या जत्रेतली पोरंसुद्धा सांगतात. मार्गेटला त्याने एका फोटोवाल्याचे दोन्ही गुडघे फोडले, का, तर त्याने याच्या जागेवर तिपाई मांडली म्हणून. भावाचा डोळा गेलाय. तो हिशेब घेतल्याशिवाय राहणार नाही.

लायनेल हल बंदराला गेलाय असं तू समजतोस ना? तसंच समजून राहा. कोणी विचारलं तरी हल सांग. तुझ्या डोक्यात जे असतं ते तुझ्या जिभेवर येतं, म्हणून मी याहून जास्त काही लिहीत नाही. फक्त त्या माणसाशी बोलू नकोस. तो ‘आज ऊन आहे’ म्हणाला तरी त्याला दुरुस्त करू नकोस.

हेटी

---

बर्मंडसी
१६ मे

प्रिय हेटी,

तुझे पत्र मिळाले. पाटी काढण्याची तुझी विनंती मान्य करता येत नाही. मात्र टरेल याच्याविषयी तुझी भीती निराधार होती, हे कळविण्यास मला समाधान वाटते. आज सकाळी तो स्वतः आला आणि पराभूत होऊन गेला.

प्रथम वाईट बातमी. लायनेलची मैत्रीण मॉरीन डॅगेट, जी जमेका रोडवरच्या लॉन्ड्रीत काम करते, तिच्याकडे टरेल शनिवारी गेला होता. त्याने तिचा उजवा हात कपडे दाबण्याच्या तापलेल्या यंत्राखाली धरला आणि लायनेल कोठे आहे असे विचारले. तिने सांगेपर्यंत त्याने झाकण उचलले नाही. हे त्याने मला स्वतः, हसत सांगितले. मी संध्याकाळी इस्पितळात जाऊन तिला भेटलो. तळहाताची कातडी पूर्ण निघाली आहे. मला पाहताच ती भिंतीकडे तोंड करून रडली. वेदनेमुळे तसे होत असावे.

आता संभाषण जसेच्या तसे देतो.

टरेल फळीवर कोपर टेकवून म्हणाला, “तुमच्या भाच्याच्या त्या मैत्रिणीनं मला वेड्यात काढलं, आजोबा. म्हणाली, तो लंडन ब्रिज रंगवायला लागलाय, महोत्सवासाठी. मी दोन माणसं घेऊन गेलो. दोन्ही टोकं पालथी घातली. रंगाचा एक डबा नाही.”

मी म्हणालो, “मुलगी खोटे बोलली असेल. तो लंडनमध्ये नाही.”

“हात भाजत असताना कोणी खोटं बोलत नाही, आजोबा. मी पुष्कळांना विचारलंय तसं. पण तिथे रंगवायचं काय? नुसता सिमेंटचा आहे तो!”

“अर्थातच,” मी म्हणालो. “नवा लंडन ब्रिज काँक्रीटचा आहे, त्याला रंग लागत नाही. रंग लागतो तो लोखंडी पुलाला, जो तुम्ही आपल्या नोटेवर छापता आणि ज्याला दुसऱ्याचे नाव देता. त्या मुलीचे भूगोलाचे ज्ञान तुमच्या नोटा वाचूनच झालेले दिसते. पाहा, एका चुकीच्या नावाने तुमचीच दिवसभराची पायपीट झाली. मी हेच सांगत होतो.”

 बराच वेळ त्याने मान वळवून पुलाकडे पाहिले. तेथे सध्या मनोऱ्यांना परांची आणि ताडपत्र्या लावल्या असून, सर्वत्र निळा, पांढरा व लाल रंग देणे चालू आहे. मग त्याने टोपी काढली आणि म्हणाला, “तुमचं बरोबर होतं, आजोबा. हा लंडन ब्रिज नव्हे.” शहात्तर वर्षांत मला असे तोंडावर कोणी म्हटले नव्हते. त्याने टॉवर ब्रिजचे चित्र असलेली माझी एक नोट विकत घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि गेला.

मी त्याला काहीही सांगितले नाही. सत्याने त्याला निरुत्तर केले, एवढेच.

तुझा भाऊ,
क्लेमेंट

---

तार
व्हिट्स्टेबल, १७ मे, सकाळ
ऑस्लर, टॉवर हिल, लंडन

लायनेल टॉवर ब्रिजवरच आहे. रंगारी म्हणून. तूच टरेलला पत्ता दिलास. धाव.
हेटी

---

व्हिट्स्टेबल
१९ मे

क्लेमेंट,

तुझ्याकडून एक ओळ नाही. म्हणून मीच लिहिते, आणि हे पत्र कोळंबीच्या गाडीवाल्याबरोबर हातोहात पाठवते. वाचून झालं की जाळ.

लायनेल माझ्याकडे आहे. कालवांच्या शेडमध्ये, जाळ्यांच्या ढिगाखाली. परवा संध्याकाळी दार उघडलं तर समोर निळा माणूस. डोक्यापासून छातीपर्यंत निळा रंग, आणि त्यातून लाल वाहतंय. मी ओळखलंच नाही. गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडा. फटीतून दाढ दिसत होती. डॉक्टरला बोलावता येत नाही, म्हणून मीच शिवला, जाळं शिवायच्या दोऱ्याने. तो ओरडू नये म्हणून तोंडात दोर दिला होता. दोर चावून तोडला त्याने.

तुला ठाऊक नसेल तर सांगते, म्हणजे तुला कळेल तुझ्या त्या ‘निरुत्तर’ माणसाने काय केलं. लायनेल टेड बेली नावाने कामाला लागला होता. तुझ्या टपरीवरून मान वर केली असतीस तर दिसला असता तुला. तोच म्हणाला होता, “आई, मामा कधी पुलाकडे बघत नाही गं, पुलाचं नाव बघतो फक्त.”

बाकीचे रंगारी चहाला उतरले होते. व्हिकने माणसं खाली जिन्याशी ठेवली आणि एकटाच वर आला. ताडपत्रीच्या आत. खिशातून तुझी ती नोट काढली, लायनेलला दाखवली आणि म्हणाला, “तुझ्या मामानं पत्ता अगदी बरोबर लिहिलाय बघ.” आणि वस्तरा फिरवला. पहिला वार गालावर. दुसरा हातावर. रंगाचा डबा उलटला, दोघं घसरून पडले. व्हिक छातीवर बसला आणि म्हणाला, “कुठला देऊ? डावा की उजवा? रॉयचा डावा गेलाय.” अंगठा डोळ्यावर ठेवला होता त्याने, क्लेमेंट. दाबत होता.

लायनेलच्या हाताला गंज खरवडायचा हातोडा लागला. त्याने मारला. कानशिलावर. मग परत. मग, तो म्हणतो, किती वेळा ते आठवत नाही. व्हिकचं डोकं एका बाजूने बसलं होतं, असं म्हणतो आणि ओकतो.

आणि तेव्हा तू आलास. धापा टाकत, हातात माझी तार.  लायनेलच्या मुठीतून हातोडा सोडवून घेतलास आणि म्हणालास, “त्या टोकाला दुसरा जिना आहे. तिकडून उतर.” बस.

क्लेमेंट, तू हातोडा का घेतलास? पोलिसांना द्यायला?

मला झोप नाही. पोलिसांना एवढंच कळलंय की टेड बेली नावाचा रंगारी गायब आहे. पेपरात तसंच आलंय, आणि व्हिक वर कोणाला गाठायला गेला ते त्याच्या माणसांनाही माहीत नव्हतं, असंही. तो कोण, हे सांगू शकणारी तीनच माणसं. मी, मॉरीन, आणि तू. मॉरीन एकदा बोलली ती हात भाजल्यावर, आता तिला उकळत्या तेलात घातलं तरी बोलणार नाही. भीती मला तुझी आहे.

तू आयुष्यात एक खोटं अक्षर उच्चारलेलं नाहीस. बाबांनी रेल्वेच्या वखारीतून कोळसा आणला, साहेब दारात आला, आणि तू अकरा वर्षांचा पोरगा मान ताठ करून म्हणालास, “होय साहेब, पलंगाखाली आहे.” बाबा तुरुंगात गेले. तुझी शाळा सुटली. आई म्हणायची, हा पोरगा बरोबर आहे, पण त्याच्यापाशी ऊब नाही.

न्यायाधीश लायनेलचं ऐकणार नाहीत. आधी एकाचा डोळा, मग दुसऱ्याचं डोकं, आणि वॉरंट असताना खोट्या नावाने लपलेला. जन्मठेप देतील. अडतीस वर्षांचा आहे तो.

पोलीस तुझ्याकडे येतील. व्हिकच्या माणसांनी तुला जिना चढताना पाहिलंय. ते विचारतील आणि तू टोपी नीट करून उत्तर देशील. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आता मागते. फक्त गप्प बस. माझ्यासाठी नको, तुला जमत नसेल तर. त्याने तुझ्या तोंडातून त्या नोटा काढल्या म्हणून तू श्वास घेतोयस, तेवढ्यासाठी.

हेटी

---

बर्मंडसी
२१ मे

प्रिय हेटी,

तुझे पत्र कोळंबीवाल्याने दिले. वाचून शेगडीत घातले. राखही ढवळली आहे.

बाबांविषयी तू जे लिहिलेस, ते मी दोनदा वाचले.

गप्प बसण्याची तुझी विनंती मान्य करता येत नाही. गप्प बसलेल्या माणसावर पोलिसांचा संशय वाढतो, आणि मग ते इतरत्र शोधू लागतात. मी आज दुपारी पोलीस ठाण्यात जाणार आहे. हातोडा वर्तमानपत्रात गुंडाळून तयार ठेवला आहे. तत्पूर्वी मी घरीच निवेदन लिहून काढले, शेजाऱ्यांसमक्ष वाचून दाखविले आणि सही केली. ठाण्यात ऐनवेळी शब्द गाळला जाऊ नये, हा हेतू. त्याची नक्कल सोबत देत आहे.

हे निवेदन लिहिण्यास मला तीन वेळा कागद बदलावा लागला. पूर्वी कधी तसे झाले नव्हते.  मॉरीन समोर बसली होती. ती म्हणाली, “मामा, तुम्हाला हे येत नाही. राहू द्या.” मी म्हणालो, “शिकता येईल.” ती म्हणाली, “त्या माणसानं मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलायला पाहिजे होतं. मला नाही जमलं.” मी तिला सांगितले की तुला जमले नाही हे योग्यच झाले, कारण तू तरुण आहेस. तिला हसू आले. इतक्या दिवसांत प्रथमच.

तू नक्कल काळजीपूर्वक वाचावीस आणि लायनेललाही वाचून दाखवावीस. त्यात कोठे चूक आढळल्यास ती सुधारू नये. कोणी विचारल्यास, क्लेमेंट ऑस्लर याने जे लिहिले ते अक्षरशः बरोबर असते, एवढेच सांगावे. लोक मानतील. माझा तेवढा लौकिक आहे.

जखम शिवलीस तेथे मीठ-पाण्याने धूत राहा. गाल बरा होईपर्यंत त्याला बाहेर काढू नये.

तुझा भाऊ,
क्लेमेंट

निवेदन

मी, क्लेमेंट हेन्री ऑस्लर, व्यवसाय विक्रेता, सत्य स्मरून लिहून देतो की:

मयत व्हिक टरेल आणि माझ्यात एका पुलाच्या नावावरून वैर होते. माझ्या टपरीवरील पाटीमुळे ते सर्वांस ठाऊक आहे. त्याने मला मारहाण करून माझ्या तोंडात कागद कोंबले होते, व मी ते विसरलो नव्हतो.

दिनांक १७ मे रोजी तो टॉवर ब्रिजच्या उत्तर मनोऱ्यावर चढत असल्याचे मी पाहिले आणि त्याच्यामागे गेलो. वर त्याने एका रंगाऱ्याशी भांडण काढून त्यास वस्तऱ्याने जखमी केले. तो रंगारी घाबरून पळाला. त्यास मी पूर्वी कधी पाहिले नव्हते, व पुन्हा पाहिले तरी ओळखणार नाही. माझा भाचा लायनेल गेज एप्रिलअखेर हलला गेला, तेव्हापासून त्याची माझी भेट नाही.

टरेल निळ्या रंगावर घसरून गुडघ्यांवर पडलेला असताना, मी गंज खरवडण्याचा हातोडा उचलला आणि त्याच्या डाव्या कानशिलावर मारला. तो पहिल्याच वाराने खाली पडला. त्यानंतरचे वारही मीच केले. त्याने दयेची याचना केली नाही, व केली असती तरी मी थांबलो नसतो. रंगाऱ्याने मला थांबविले नाही आणि मदतही केली नाही, कारण तो तेथे नव्हता.

मला याचा पश्चात्ताप नाही. मी हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेले नाही. यातील प्रत्येक शब्द खरा आहे.

(सही) सी. एच. ऑस्लर

वाचून दाखविले तेव्हा हजर साक्षीदार:
श्री. अल्फ्रेड टिप्लेडी, निवृत्त पोस्टमन, पहिला मजला.
श्रीमती एडा कॉर्डवेल, घरमालकीण.
कुमारी मॉरीन डॅगेट, लॉन्ड्री कामगार, यांनी उजव्या हातास पट्टी असल्याने डाव्या हाताने सही केली.